गर्भिणीपती

मोठे काका गेले तेव्हा माझ्या बायकोला सातवा महिना लागला होता. पहाटे फोन आला. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरी मी पोचलो तोवर बांबू येऊन पडले होते आणि चुलतभाऊ सुतळीचा गुंता सोडवत बसले होते. चपला काढून मी त्यांच्या शेजारी बसलो. मला तिरडी बांधता येत नाही, पण सुतळीचं टोक धरता येतं. तेवढ्यात मोठ्याकाकू आतून बाहेर आल्या. नवरा जाऊन त्यांना तीन तासही झाले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तू हात लावू नकोस. खांदा द्यायचा नाहीस आणि घाटावरही जायचं नाहीस. तुझी बायको पोटुशी आहे."

मी म्हणालो, "काकू, असं काही नसतं."

"असतं. धर्मसिंधूत आहे. हे असते तर त्यांनीच तुला हाकललं असतं."

मी उठलो आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिलो. ज्यांनी मला बूढा तालाबाच्या काठाने सायकल शिकवली, त्यांची तिरडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी बायकांबरोबर मागे राहिलो. राग आला होता, अपमानही वाटला होता. पण त्या रागाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं, आणि ते काय होतं हे कळायला मला आठ-दहा दिवस लागले. गेले सहा महिने भेटेल तो विचारत होता, "ती कशी आहे?" विचारणंही बरोबरच होतं. पण या गरोदरपणाशी माझ्या शरीराचाही काही संबंध आहे, माझ्या हातांनी केलेलं काही तिथवर पोचू शकतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी गृहीत धरलं होतं. तेही ऐन दुःखात, स्वतःच्या नवऱ्याचं प्रेत घरात असताना.

तेराव्याच्या दिवशी काकांच्या कपाटातून मी ती पोथी काढली. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी 1790 साली रचलेला धर्मसिंधु, मराठी भाषांतरासह, कड्या कुरतडलेला. त्यात गरोदर बाईच्या नवऱ्यासाठी वेगळं प्रकरण आहे आणि त्याला एक नावही आहे: गर्भिणीपती. मराठीत आपण 'बाप होणार आहे' म्हणतो, म्हणजे पुढे कधीतरी कोणीतरी होणार. संस्कृतात तो आत्ताच कोणीतरी आहे. मग नियम येतात. क्षौर करू नये. प्रेतामागे जाऊ नये. घर बांधायला काढू नये. फार दूरचा प्रवास करू नये. युद्ध करू नये. (हा शेवटचा नियम मी ऑफिसातसुद्धा कसोशीने पाळला.) सगळी यादी 'नये' ची. काय करावं याबद्दल शास्त्रकार फार बोलत नाहीत. बायकोचे डोहाळे पुरवावेत, नाहीतर गर्भाला दोष लागतो, एवढं याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. बाकी नऊ महिने पुरुषाने नुसतं काही न करता राहायचं. काही न करणं किती अवघड असतं हे त्या शास्त्रीबुवांना कळलं असावं असं मला उगाच वाटलं. म्हणून तर त्यांनी त्याचीही यादी करून दिली.

त्या दिवसापासून मी केस कापले नाहीत. श्रद्धा आहे म्हणून नाही. कोणीतरी मला एक काम दिलं होतं म्हणून.

पण काकूंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. या हातांनी आधीच एक प्रेत वाहिलं होतं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. होळी चार दिवसांवर होती. पाचवा महिना, विसावा आठवडा. रात्री तिचं पाणी गेलं आणि आम्ही शहरातल्या एका रुग्णालयात पोचलो. दारावर 'पुरुषों का प्रवेश वर्जित' अशी पाटी होती. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि चार कागदांवर सह्या केल्या. 'मरीज से संबंध' या रकान्यात चार वेळा 'पति' लिहिलं. सकाळी अकराच्या सुमारास एक आया हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये घेऊन आली आणि म्हणाली, "भैया, ये आपको ले जाना पड़ेगा."

"कहाँ?"

"जहाँ आप लोग ले जाते हो."

तिच्या आवाजात निष्ठुरपणा नव्हता. तिला दिवसभरात असे किती बाप भेटत असतील कोण जाणे. सोबतच्या चिठ्ठीवर वजन लिहिलं होतं, 310 ग्रॅम. लिंगाच्या रकान्यात रेघ मारली होती.

ऑफिसातला एक छत्तीसगढी मित्र मी फोन केल्यावर वीस मिनिटांत आला. त्याने काही विचारलं नाही. वाटेत एका किराणा दुकानासमोर स्कूटर थांबवून म्हणाला, "नमक ले ले. खड़ा नमक, दो किलो." त्या वयाच्या जिवाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि मीठ घालून पुरतात, हे मला तेव्हा कळलं. खारून नदीवर महादेव घाटाच्या बरंच पुढे, जिथे बाभळी आहेत, तिथे त्याने कुणाकडून तरी रापा मागून आणला. त्यांच्याकडे फावड्याला रापा म्हणतात. खड्डा त्याने खणला. मी ते कापड मांडीवर घेऊन बसलो होतो. ठेवण्याआधी मी ते उघडलं.

उघडायला नको होतं असं तेव्हा वाटलं. आता वाटत नाही. मुलगा होता. नखं आलेली होती.

वर दगड रचले, कुत्र्यांसाठी. मित्राने नदीत हात धुतले, मीही धुतले. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज भरला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूल झालं की पितृत्वाची पंधरा दिवसांची रजा मिळते. गर्भपात झालेल्या बाईलाही वेगळी रजा असते, असायलाच हवी. गर्भपात झालेल्याच्या बापासाठी मात्र कोणताही रकाना नाही. मी किरकोळ रजेचा अर्ज घेतला आणि कारण लिहिलं: घरगुती काम.

घरी माणसं येऊन गेली. सगळ्यांनी मला दारात गाठून एकच वाक्य सांगितलं, "तिला जप." मी जपलं. चौथ्या की पाचव्या रात्री अंधारात तिने विचारलं, "तू बघितलंस का? कसं होतं?"

मी म्हणालो, "नाही. मला दाखवलं नाही त्यांनी."

त्या खोट्याचं नेमकं कारण मला आजही सांगता येणार नाही. तिचं दुःख वाढू नये, हे एक. पण दुसरंही असावं. तो मुलगा पाच महिने फक्त तिचा होता. ती पाच मिनिटं फक्त माझी होती.

पुढच्या पौष पौर्णिमेला मित्र आणि त्याची बायको आम्हाला तुरतुरियाला घेऊन गेले. बलौदाबाजारकडे, कसडोलच्या जंगलात ते ठिकाण आहे. खडकांतून झरा तुरतुर आवाज करत येतो आणि गोमुखातून कुंडात पडतो, त्यावरूनच नाव. वाल्मीकींचा आश्रम इथलाच, लव-कुश इथेच जन्मले, अशी छत्तीसगढात श्रद्धा आहे, आणि जत्रेत मूल हवं असलेली जोडपी लांबलांबून येतात. छत्तीसगढ हे रामाचं आजोळ; कौसल्येचं माहेर म्हणून रायपूरजवळच्या चंदखुरीला तिचं देऊळही आहे. म्हणून इथे बहिणीचा मुलगा, भांचा, लहान असला तरी मामा त्याच्या पाया पडतो. अशा मुलखात रामाच्या मुलांचा जन्म जिथे झाला म्हणतात तिथे उभं राहिल्यावर माझ्या मनात एकच गोष्ट आली: या गोष्टीत बाळंतपणाला बाप हजर नाही. सीता आहे, ऋषी आहेत, आश्रमातल्या बायका आहेत. बाप अयोध्येत, राज्यकारभारात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये तिला पुन्हा दिवस गेले. मित्राच्या मते श्रेय तुरतुरियाचं. मी वाद घातला नाही.

या दुसऱ्या वेळेला मी कसा वागलो ते सांगायला अवघड जातं. पुस्तकांत लिहिलेला उत्सुक बाप मी नव्हतो. रात्री ती उठून मोरीकडे गेली की मी जागा होऊन कडीचा आवाज ऐकत पडायचो. परत यायला वेळ लागला तर छातीत धडधड. ऑफिसात मोबाइलवर तिचं नाव दिसलं की उचलायच्या आधी घशाला कोरड. सोनोग्राफीला ती आत, मी बाहेर, समोर भिंतीवर गर्भलिंग निदान केले जात नाही ही पाटी. ती पाटी मी इतकी वाचली आहे की तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका मला पाठ आहेत. मला सकाळी मळमळायचं. पोटात जळजळ. सहा महिन्यांत माझं वजन सात किलोंनी वाढलं. मित्र हसायचे, मीही हसायचो.

याला नाव आहे हे नंतर वाचण्यात आलं. 1865 साली एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने 'कुवाद' हा फ्रेंच शब्द रूढ केला: बायको बाळंत होते आणि नवरा अंथरूण धरतो, पथ्य पाळतो. एडगर थर्स्टनने 1909 सालच्या आपल्या ग्रंथात दक्षिणेतल्या कोरवांबद्दल तेच नोंदवलं आहे. साहेबाला ती गंमत वाटली असणार. पण 2000 साली कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये ॲन स्टोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 34 जोडप्यांचं रक्त तपासलं, तेव्हा प्रसूती जवळ आलेल्या बायकांच्या नवऱ्यांमध्येही प्रोलॅक्टिन आणि कॉर्टिसोल वाढलेलं सापडलं, आणि मूल झाल्यानंतर टेस्टोस्टेरॉन उतरलेलं. प्रोलॅक्टिन म्हणजे आईच्या दुधाशी जोडलेलं संप्रेरक. मोठ्याकाकूंना हे सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, त्यासाठी रक्त कशाला काढायला हवं?

कालिदासालाही रक्त काढावं लागलं नव्हतं. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेला माती खायचे डोहाळे लागतात आणि राजा दिलीप एकांतात तिच्या तोंडाचा मातीचा वास घेतो, त्याचं समाधानच होत नाही. कितीतरी वर्षं तो राजा मुलासाठी झुरला होता. गाय राखली होती, सिंहापुढे स्वतःचं शरीर ठेवलं होतं. आता तो तिच्या सख्यांना विचारत फिरतो, तिला काय हवंय, ती मला लाजते, सांगत नाही. शाळेत हा सर्ग आम्हाला अलंकारांसाठी शिकवला होता. त्यात एक घाबरलेला माणूस आहे हे मला पस्तिसाव्या वर्षी दिसलं.

मी मात्र दिलीप नव्हतो. पाचव्या महिन्यात ती म्हणाली, "बघ, हलतंय, हात ठेव," तेव्हा मी म्हणालो माझे हात गार आहेत. पुढच्या वेळी म्हणालो, आत्ताच कांदा चिरलाय. तिसऱ्या वेळी तिने विचारलंच नाही. सातव्या महिन्यात मित्राच्या बायकोने बहीण होऊन सधौरी केली. छत्तीसगढात माहेरचे लोक सातव्या महिन्यात सात पदार्थ घेऊन येतात. ठेठरी, खुरमी, अइरसा, आणखी काय काय. आत बायकांची गाणी चालली होती. आम्ही दोघे ओट्यावर बसून ठेठरी खात होतो. दोघांच्याही मनात नदी होती, आणि दोघेही क्रिकेटबद्दल बोलत होतो.

काकांचं तेरावं झालं आणि पितृपक्ष लागायच्या आत सासूबाई तिला न्यायला आल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, नागपूरला. निघायच्या आदल्या रात्री बॅग भरता भरता तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला नकोय का हे मूल?"

मी म्हणालो, "वेड लागलंय का तुला?" याहून वाईट उत्तर देता आलं नसतं.

मग दोन महिने मी एकटा. आपल्याकडे पुरुषाच्या या दोन महिन्यांकडे जरा चेष्टेने पाहतात: मजा आहे, बायको माहेरी. तीनशे किलोमीटरवर कोणीतरी तुमचं मूल पोटात घेऊन जिने चढत-उतरत असतं आणि तुम्ही खिचडीचा कुकर लावून त्याच्या शिट्ट्या मोजत बसता. दर रविवारी मी जाऊ शकत होतो. दोनदाच गेलो. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही कायले धावपळ करता जी, आम्ही आहो न." आणि धर्मसिंधूत दूरचा प्रवास वर्ज्य आहेच. मला सोयीचं असलं की मी धार्मिक होतो.

दिवाळी होऊन गेली होती. रात्री दोनला सासूबाईंचा फोन. "पाणी गेलं जावईबापू, दवाखान्यात आलो आहोत." सदतिसावा आठवडा. शब्द तेच होते. मी स्टेशनवर कसा पोचलो आठवत नाही. नागपूरकडे जाणारी जी पहिली गाडी आली तिच्या जनरल डब्यात शिरलो आणि दाराशी उभा राहिलो. दुर्ग, राजनांदगाव. डोंगरगढला बम्लेश्वरीच्या टेकडीवरचे दिवे दिसले. नकळत हात जोडले गेले. पुढे दरेकसाचा बोगदा आणि जंगल. तिथे मोबाइलची रेंज जाते. अर्धा-पाऊण तास त्या पडद्यावर एकही रेघ नव्हती. आयुष्यात एवढं काहीच न करता मी कधी उभा राहिलेलो नाही.

आमगाव येताना उजाडत होतं. फोन थरथरला. मेहुण्याचा मेसेज: मुलगी, 5:52, दोघी ठीक.

योगायोग सांगायला जरा संकोच वाटतो, पण आमगावजवळचं पदमपूर म्हणजेच भवभूतीचं पद्मपूर असं वा. वि. मिराशींनी मांडलं आहे. त्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला कोणीतरी हे कधी ना कधी सांगतंच. उत्तररामचरितात गरोदर सीता रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपते. तिला पुन्हा वनात जायचे डोहाळे लागलेले असतात, आणि तेच डोहाळे पुरवायचं निमित्त करून तिला वनात सोडलं जातं. बारा वर्षांनी मुलं समोर उभी राहतात तेव्हा बापाच्या शरीराला काहीतरी कळतं, पण ती आपली आहेत हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. वाटलं, माझी मुलगी जन्मली तेव्हा मी एका बोगद्यात होतो, आणि तिच्या भावाला जमिनीत ठेवलं तेव्हा एकटा मीच होतो.

दवाखान्यात सासूबाईंनी तिला माझ्यापुढे धरलं. दोन किलो सातशे. मी हात पुढे केले नाहीत. "घ्या न जी, पडत नाही," त्या म्हणाल्या. बायको खाटेवरून माझ्याकडे बघत होती, काही बोलत नव्हती. मग मी घेतलं. ते इतकं जड होतं की मला बसावं लागलं. बाळाला उचकी लागली आणि ती माझ्या तळहातात जाणवली.

रात्री सासूबाई घरी गेल्यावर मी खाटेजवळच्या स्टुलावर होतो. ती जागीच होती. मी म्हणालो, "मागच्या वेळी मी पाहिलं होतं. तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे."

"कसं?"

"स्कूटरच्या डिकीत खड्या मिठाची पिशवी होती. अर्धी." ती जरा थांबली. "इतके दिवस वाट बघितली, तू कधी सांगशील म्हणून." मग खूप वेळाने, "काय होता?"

मी सांगितलं. नखांचंही सांगितलं. तिने भिंतीकडे तोंड केलं आणि माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला. तिथे आता काही हलत नव्हतं. बराच वेळ आम्ही तसेच होतो. पाळण्यात मुलगी कुरकुरली तेव्हा तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून नीट पाहिलं.

"सकाळी मोठ्याकाकूंना फोन कर," ती म्हणाली. "केस कापले तर चालतील का विचार. भयंकर दिसतोयस."